चालतंय की!

होटगी रोडचा विमानतळ हा आम्हा सोलापूरकरांच्या गप्पांचा जुना विषय. आधी विमान येणार म्हणून गप्पा, मग येत नाही म्हणून गप्पा, पुढे कित्येक वर्षे साखर कारखान्याच्या चिमणीवरून वाद. ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. या सगळ्या काळात कट्ट्यावर धावपट्टीची चर्चा झाली, तिकिटाच्या दराची झाली, कोण श्रेय घेतो याची तर फारच झाली. पण मनोऱ्यात बसून विमानाशी बोलणाऱ्या माणसाची आणि तो ज्या यंत्रातून बोलतो त्या यंत्राची चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही.

आज त्या यंत्राविषयी लिहितो. मी इतिहासाचा मास्तर. विमानविद्येतले मला काही कळते असा दावा नाही. पण विमान अपघातांच्या चौकशीत जे बाहेर येते ते मी इतिहासाची साधने वाचावीत तसे बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. यंत्र साफ बंद पडते तेव्हा माणसे सावध होतात. खरा घात होतो तो अर्धवट चालणाऱ्या यंत्राने. आपल्याकडे अशा यंत्राला एक खास प्रमाणपत्र मिळते, "चालतंय की!" हे दोन शब्द किती महाग पडू शकतात, ते पुढे पाहू.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांच्या त्या छोट्या पुस मॉथ विमानात बिनतारी संच नव्हता. एकदा विमान उडाले की खाली उतरेपर्यंत वैमानिक आणि जमीन यांचा संबंध तुटलेला. आज आपल्याला हे धाडस वाटते, आणि ते होतेच. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती. कोणी काही सांगणार नाही हे वैमानिकाला ठाऊक होते. त्यामुळे तो नदी, रेल्वेचे रूळ, समुद्रकिनारा पाहत स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून जाई.

पुढे आकाशात गर्दी झाली आणि डोळे अपुरे पडू लागले. मग बिनतारी आली, नियंत्रण मनोरे आले. आपण सगळ्यालाच टॉवर म्हणतो, पण काचेच्या मनोऱ्यातला नियंत्रक फक्त विमानतळावरची आणि जवळपासची विमाने पाहतो. दूरच्या विमानांशी बोलणारे नियंत्रक बंद खोलीत पडद्यासमोर बसलेले असतात. दोघांचेही मुख्य हत्यार एकच, ते म्हणजे आवाज. या आवाजासाठी जी व्हीएचएफ लहर वापरतात ती साधारण नजरेच्या रेषेत जाते, म्हणजे डोंगर आडवा आला किंवा विमान फार दूर व खाली असले की आवाज पोचत नाही. म्हणून ठिकठिकाणी उंचावर जादा केंद्रे उभारून ती नियंत्रकाच्या खोलीशी जोडावी लागतात. दुसरी अडचण अशी की एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले तर तिसऱ्याच्या कानात नुसती कर्कश शिट्टी वाजते.

ही शिट्टी म्हणजे काय ते जगाने २७ मार्च १९७७ रोजी पाहिले. स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या वैमानिकाने आपण निघत असल्याचे सांगितले. त्यावर मनोऱ्याने आधी "ओके" म्हटले आणि लगेच थांबण्याची सूचना दिली. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचे विमान "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" अशा अर्थाचे बोलले. दोन्ही आवाज एकमेकांवर पडले आणि केएलएमच्या कक्षात स्वच्छ ऐकू आले ते फक्त "ओके". बाकीचे शिट्टीत गेले. ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसे त्याआधी वा नंतर कधी गेली नाहीत. यंत्र मोडले नव्हते हे लक्षात घ्या. ते निम्मे ऐकवत होते, एवढेच.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. द्रोणाचार्यांनी "अश्वत्थामा मेला" एवढेच ऐकले आणि पुढचे शंखाच्या आवाजात बुडाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची 'ध चा मा' ही आख्यायिका तर आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. एक अक्षर बदलते आणि माणूस जातो. फरक इतकाच की शनिवारवाड्यात अक्षर कोणीतरी बदलले असे सांगतात. बिनतारीत ते कोणीही न बदलता बदलते.

आता घराजवळचे उदाहरण. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. आलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. ऐन पावसाळा, अंधार, खाली सह्याद्री. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर, माथ्यापासून अगदी थोड्या अंतरावर ते आदळले आणि आतली सर्व ९४ माणसे गेली. चौकशीत निष्पन्न झाले की आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला होता आणि म्हणून तो वेळेआधीच खाली उतरू लागला. आपली जागा पक्की करण्यासाठी उपलब्ध असलेली साधने त्याने पुरती वापरली नव्हती. मुंबईशी त्याचे बोलणे चालू होते. आवाज येत होता, जात होता. पण बिनतारी माणसाचा समज पोचवते, तो खरा की खोटा हे तिला ठरवता येत नाही. बोलणाराच चुकीच्या जागी असेल तर स्वच्छ आवाजात चुकीची जागा ऐकू येते.

दुसरे उदाहरण माझ्या पिढीच्या मनात घर करून बसलेले आहे. जानेवारी १९६६. मी नववीत होतो. ११ जानेवारीला ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री गेले. त्या धक्क्यातून देश सावरतो न सावरतो तोच २४ जानेवारीला, ज्या दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी झाला त्याच दिवशी, एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ११७ जण गेले. त्यात डॉ. होमी भाभा होते. मुंबईहून निघून दिल्ली, बैरूट करत ते विमान जिनिव्हाला उतरणार होते आणि भाभा पुढे व्हिएन्नाला अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला जाणार होते.

घातपाताच्या कहाण्या या अपघाताभोवती आजही फिरतात. व्हॉट्सॲपवर तर दर जानेवारीला येतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आहे, आणि साधा असल्यामुळेच अधिक अस्वस्थ करणारा आहे. जमिनीवरच्या दिशादर्शक केंद्रांवरून विमानाची जागा समजते. ती समजून घेणारे दोन संच त्या विमानात होते. त्यांतला एक बैरूट सोडतानाच बंद होता. एक चालू होता, म्हणून विमान निघाले. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर विमान नेमके कुठे आहे ते दिसत होते. शिखर अजून पुढे आहे हे त्याने वैमानिकाला सांगितलेही. पण सांगण्यात पुरेसा नेमकेपणा नव्हता. वैमानिकाने त्याचा अर्थ असा घेतला की शिखराची धार आपण ओलांडली, आणि तो खाली उतरत राहिला.

म्हणजे बघा, विमानातला एक संच बंद, एक चालू. नियंत्रकाला धोका दिसला, त्याने इशारा दिला, तो वैमानिकाच्या कानापर्यंत पोचलाही. प्रत्येक कडी थोडी थोडी शाबूत होती. दोन्ही संच बंद असते तर ते विमान बैरूटहून निघालेच नसते, असे मला राहून राहून वाटते.

मी ज्या शाळांतून शिकवले त्यांपैकी एका शाळेत प्रत्येक वर्गात भिंतीवर एक स्पीकरचा डबा होता. मुख्याध्यापक आपल्या खोलीतून बोलायचे आणि सूचना सगळ्या वर्गांत ऐकू जायची. काही वर्षांनी त्या डब्यांना खरखर लागली. एकदा शेवटच्या तासाला सूचना आली, "उद्या पावसामुळे शाळेला सुटी", आणि पुढे खर्र. "राहणार नाही" हे त्या खरखरीत गेले. दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा रिकामी! मुलांना दोष कोण देणार? पोरे सुटी ऐकायला टपलेलीच असतात. गंमत अशी की ज्या दोन वर्गांतले डबे पूर्ण मुके झाले होते, तिथली मुले झाडून सगळी हजर होती. त्या वर्गांत शिपाई सूचनावही घेऊन जात असे. वर्गशिक्षक ती वाचून दाखवत आणि सही करत. डबा दुरुस्त करायचे कोणी काढले की उत्तर ठरलेले, "चालतंय की!"

शाळेत निम्मी मुले घरी राहिली, बिघडले काहीच नाही. आता याच प्रकारातली जी घटना सांगतो तिच्यात ३४९ माणसे गेली.

१२ नोव्हेंबर १९९६. दिवाळीचे दिवस होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो विमान ३१२ जणांना घेऊन उडाले. त्यात बहुसंख्य आपलेच, पोटासाठी आखातात निघालेले लोक होते. समोरून कझाकस्तानचे इल्युशिन विमान ३७ जणांसह दिल्लीकडे येत होते. त्या वेळी दिल्लीच्या आसपासचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे होते, त्यामुळे येणारी आणि जाणारी विमाने एकाच वाटेने ये-जा करत. नियंत्रकाने जाणाऱ्याला १४,००० फुटांवर राहायला सांगितले होते आणि येणाऱ्याला १५,००० फुटांवर. मध्ये हजार फुटांचे अंतर. नियम पाळला तर दोघेही सुखरूप.

पण नियम पाळला जातो आहे की नाही हे नियंत्रकाला दिसणार कसे? दिल्लीच्या त्या खोलीत तेव्हा फक्त प्राथमिक रडार होते. त्याच्या पडद्यावर विमान म्हणजे एक ठिपका. ठिपका कुठे आहे ते कळते, किती उंचीवर आहे ते कळत नाही. उंची सांगणारे दुय्यम रडार वेगळे असते. ते विमानाला लहरीने प्रश्न विचारते आणि विमानातले यंत्र आपली ओळख व उंची परत पाठवते. असे नवे रडार दिल्लीत बसवण्याचे काम चालू होते, पण त्या संध्याकाळी ते सेवेत नव्हते. नियंत्रकाकडे उंची जाणण्याचा मार्ग एकच उरला, तो म्हणजे वैमानिकाने तोंडाने सांगणे.

आणि तोंडाने सांगण्याची तिकडे काय व्यवस्था होती? कझाक विमानात बाहेरच्या जगाशी बोलण्याचे काम एका वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होते. विमान चालवत होता दुसराच. ऑपरेटरच्या समोर स्वतःचा उंचीमापक नव्हता, वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून त्याला काटा पाहावा लागे. त्यातून त्या मंडळींचे इंग्रजी कच्चे आणि उंची फुटांऐवजी मीटरमध्ये मोजण्याची लहानपणापासूनची सवय. नियंत्रकाने समोरून सौदी विमान येत असल्याचे सांगितले, किती मैलांवर आहे तेही सांगितले. विमान मात्र १५,००० फुटांवर न थांबता खाली येत राहिले. ऑपरेटरच्या लक्षात आल्यावर वर चढण्याची धावपळ झाली, पण तेव्हा वेळ उरली नव्हती. हरयाणातल्या चरखी दादरी गावाजवळ, शेतांवर, दोन्ही विमाने कोसळली. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांजवळ गेले आणि नाहीसे झाले. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन झालेला जगातला सर्वांत मोठा अपघात तो हाच.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. दोन विमानांच्या ध्वनिमुद्रिका दोन देशांत उलगडल्या गेल्या, एक इंग्लंडात आणि एक रशियात. ठरवून दिलेली उंची कझाक विमानाने मोडली हा निष्कर्ष निघाला. नियंत्रकावर ठपका आला नाही. त्यानंतर दिल्लीत येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले, दुय्यम रडार सेवेत आले, आणि समोरून विमान येत असेल तर वैमानिकाला आपोआप इशारा देणारे यंत्र भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. हे सगळे उपाय त्याआधीही जगाला माहीत होते. आपल्याकडे ते ३४९ चितांनंतर आले.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, ही गरीब देशाची रड आहे, पुढारलेल्या देशांत असे होत नाही. म्हणून स्वित्झर्लंडची गोष्ट सांगतो. घड्याळांचा देश, नेमकेपणाचा देश.

१ जुलै २००२ ची रात्र. झुरिचच्या नियंत्रण केंद्रात देखभालीचे काम चालले होते. त्यासाठी मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद ठेवली होती. पर्यायी फोन होता, पण तो नीट चालत नव्हता. रडार चालू होते, पण कमी क्षमतेवर. दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली तर पडद्यावर आगाऊ दिसणारी सूचना त्यामुळे बंद होती. पाळीवर दोन नियंत्रक, त्यांतला एक विश्रांतीला गेलेला. रात्री वाहतूक कमी असते म्हणून ही पद्धत तिथे रुळली होती. थोडक्यात, स्विस भाषेत "चालतंय की"!

एकटा उरलेला नियंत्रक दोन टेबले सांभाळत होता. एका उशिरा आलेल्या विमानाला शेजारच्या छोट्या विमानतळावर उतरवायचे होते, त्यासाठी तो फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता. त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर एक रशियन टुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होती. जर्मनीतल्या कार्ल्सरूह केंद्रातल्या नियंत्रकांना हे दिसले. ते झुरिचला कळवायला पुन्हा पुन्हा फोन करत राहिले, पण तो फोन लागलाच नाही. अगदी शेवटच्या मिनिटात झुरिचच्या नियंत्रकाचे लक्ष गेले. त्याने टुपोलेव्हला खाली जायला सांगितले. विमानातले इशारा देणारे यंत्र नेमके त्याच वेळी टुपोलेव्हला वर जा म्हणत होते आणि बोइंगला खाली जा म्हणत होते. टुपोलेव्हने माणसाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे. दोघेही खाली गेले. जर्मनीतल्या युबरलिंगन गावावर ७१ जण मेले. टुपोलेव्हमध्ये बहुतेक शाळकरी मुले होती, रशियातल्या उफा शहरातून स्पेनला सहलीला निघालेली.

जन्मभर मुलांच्या सहली नेल्या आहेत, त्यामुळे या एका ओळीपाशी मी दर वेळी थांबतो.

पुढचेही ऐका. बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने फेब्रुवारी २००४ मध्ये त्या नियंत्रकाला त्याच्या घरी जाऊन भोसकून मारले. नियंत्रक तेव्हा ध्वनिक्षेपक धरून बसलेला एकटा माणूस होता. फोन त्याने बंद केला नव्हता, सहकाऱ्याला विश्रांतीला पाठवण्याची पद्धत त्याने पाडली नव्हती. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या नियंत्रण कंपनीच्या चार जणांना निष्काळजीपणासाठी दोषी ठरवले. म्हणजे न्याय झाला, पण ज्याला लोकांच्या रागाने आधीच शिक्षा दिली होती तो तोवर मातीत गेला होता.

हे वाचताना मला आमच्या गावची रेल्वे आठवते. सोलापूर हे रेल्वेचे गाव. अर्ध्या गावातल्या कोणाचे ना कोणाचे वडील, काका, मामा रेल्वेत होते. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेले दोन नियम सांगतो. सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर ड्रायव्हरने तो लाल समजायचा. "दिवा नाही, म्हणजे जाऊ या" असे म्हणायचे नाही. आणि एका स्टेशनमास्तरने दुसऱ्याला फोनवर गाडीची परवानगी दिली तर नुसत्या "हो"वर भागत नाही. तो एक खाजगी क्रमांक सांगतो, दुसरा तो वहीत लिहून घेतो. क्रमांक मिळाला नाही तर परवानगी मिळाली नाही. यंत्र बिघडेल हे धरूनच ही व्यवस्था बांधली आहे. बिघाडाचा अर्थ एकच, थांबा.

आकाशात मात्र थांबता येत नाही. विमान रुळावर उभे करून "आधी फोन दुरुस्त करा" म्हणायची सोय तिथे नाही. तरी पूर्ण बिघाडासाठी तिथेही चोख व्यवस्था आहे. बिनतारी बंद पडली तर वैमानिक आपल्या यंत्रावर ७६०० हा आकडा लावतो, रडारवर पाहणाऱ्याला लगेच कळते की हा मुका झाला आहे. मग तो ठरलेल्या मार्गानेच जाईल हे सगळ्यांना माहीत असते. मनोऱ्यात हातात धरायचा प्रखर दिवा असतो. स्थिर हिरवा दाखवला तर उतर, स्थिर लाल दाखवला तर दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. मुक्या विमानाला खुणेची भाषा आहे, पण अर्धवट ऐकणाऱ्या विमानासाठी अशी कोणतीच खूण नाही. कारण आपण अर्धवट ऐकले हे ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसते.

म्हणून ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत जे झाले त्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. विमान कुठून कुठे, कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून जाणार याचे आराखडे नियंत्रकांपर्यंत पोचवणारी संदेशयंत्रणा बिघडली. नियंत्रकांना ते काम हाताने करावे लागले. ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला आणि इतर शहरांतही त्याचा परिणाम दिसला. लोक तासन्‌तास खोळंबले, चिडले, वाहिन्यांवर आरडाओरडा झाला. तो राग मला समजतो. देशाच्या राजधानीत असे व्हायला नको होते. पण कोणी मेले नाही. यंत्रणा बिघडली हे सगळ्यांना कळले होते, आणि नियंत्रकांनी वाहतुकीचा वेग कमी केला. हाताने लिहून जेवढे झेपेल तेवढेच आकाशात सोडले. उशीर ही त्या दिवसाची किंमत होती, आणि १९९६ च्या किमतीपुढे ती काहीच नाही.

आता यातून माझ्यासारख्या मास्तराने काय घ्यावे?

वर्गात शिक्षक विचारतो, "समजलं का?" साठ मुले एका सुरात ओरडतात, "हो सऽऽर!" या "हो"ची किंमत शून्य असते हे कोणताही जुना शिक्षक सांगेल. समजले की नाही ते पाहायचे तर एकाला उभे करून म्हणायचे, "काय समजलं ते सांग." विमानवाहतुकीने नेमका हाच धडा कायदा करून ठेवला आहे. नियंत्रकाने उंची सांगितली की वैमानिकाने ती आपल्या तोंडाने परत म्हणायची, आणि नियंत्रकाने ती बरोबर म्हटली जाते की नाही हे कान देऊन ऐकायचे. "रॉजर" या शब्दाचा अर्थ तिथे "तुमचे बोलणे मिळाले" एवढाच आहे, त्याला "हो" मानायचे नाही. ऐकू आले नाही तर "से अगेन" म्हणायचे, म्हणजे "पुन्हा सांगा". टेनेरिफनंतर तर उड्डाण हा शब्दच प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा असे ठरले.

"पुन्हा सांगा" म्हणणे आपल्याकडे फार जड जाते. मोठ्यांना पुन्हा विचारले तर ते उद्धटपणाचे वाटते, सर्वांदेखत विचारले तर आपण मठ्ठ ठरू अशी भीती वाटते. तीस-पस्तीस वर्षे मी हे वर्गात पाहिले. हुशार मुलेही ऐकल्यासारखे करून मान डोलावतात. ती भीती घालवणे हे शिक्षकाच्या कामाचा मोठा भाग आहे, कारण तीच मुले उद्या डॉक्टरच्या, औषधवाल्याच्या, स्टेशनमास्तरच्या, कदाचित नियंत्रकाच्या खुर्चीत बसणार असतात.

यंत्राबाबतही तेच. नादुरुस्त यंत्रावर "नादुरुस्त" अशी पाटी लावायला हिंमत लागते. पाटी लावली की काम थांबते, वरिष्ठ विचारतात, खर्च दिसतो. पाटी न लावता खरखर सहन केली तर कोणीच काही विचारत नाही, आणि दिवस ढकलले जातात. शेवटी एक दिवस ती खरखर नेमक्या चुकीच्या शब्दावर येते.

आमच्या सोलापूरच्या कट्ट्यावर यापुढे विमानाची चर्चा निघाली की मी एक प्रश्न विचारायचे ठरवले आहे. कोणत्या शहराला विमान जाते, तिकीट किती, ते विचारणारे पुष्कळ आहेत. मी विचारणार आहे की मनोऱ्यातल्या माणसाचे यंत्र कसे आहे, ते बिघडले तर दुसरे आहे का, आणि बिघडल्याचे त्याने सांगितले तर ऐकून घेणारे कोणी आहे का. त्यावर एखाद्याने पान चघळत "चालतंय की!" म्हटले, तर त्याला बाकावर जागा करून द्यायची, बसवायचे आणि दावंड्याच्या डोंगरापासून सगळे सांगायचे. सांगून झाल्यावर अर्थातच विचारायचे, "काय समजलं ते सांग."